स्वस्तात पाण्याखाली

स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स संपला की हातात १८ मीटरपर्यंत उतरायच्या परवानगीचं कार्ड येतं आणि डोक्यात खरेदीचं भूत शिरतं. कार्डाला निदान १८ मीटरची हद्द असते. भुताला नसते. कालपर्यंत ज्याला बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं, हवा भरायचं जाकीट) म्हणजे एखादी सरकारी योजना वाटत होती, तो आज घरच्यांना सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राच्या दोन जातींतला, म्हणजे पिस्टन रेग्युलेटर आणि डायफ्रॅम रेग्युलेटर यांतला फरक समजावून सांगू लागतो. घरचे शांतपणे ऐकून एवढंच विचारतात, "पण हे सगळं कितीला पडणार?" छळ सुरू होतो तो इथून.

कारण या खरेदीत एकटी वस्तू कधी येतच नाही. बूट घेतले की त्यांच्या मापाची फिन्स, म्हणजे पायांना लावायची वल्ही, आली. वेटसूट जाड घेतला की तो तरंगतो, म्हणून कमरेला जास्तीचं शिसं आलं. हे सगळं कोंबायला चाकांची बॅग आली आणि ती विमानतळावरच्या काट्यावर चढली की जादा वजनाचे पैसे आले. सल्ला देणारे तर जागोजागी उभे असतात. "पहिल्यापासून चांगलंच घे, पुन्हापुन्हा खर्च नको," असं कळकळीने सांगणाऱ्याला स्वतःचा जुना सेट खपवायचा असतो, असा माझा दाट संशय आहे.

माझा हिशोब साधा आहे. जे अंगाच्या मापाला बसायला हवं ते विकत घ्यावं, ज्याला ठरावीक काळाने मेकॅनिक लागतो ते भाड्याने घ्यावं. डाइव्हचा हिशोब ठेवणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर तेवढा या नियमात बसत नाही, त्याच्याकडे येऊच.

सुरुवात मास्कपासून. इथे किमतीपेक्षा नाकाला जास्त महत्त्व. पट्टा काचेवर उलटवायचा, कपाळावरचे केस मागे सारायचे, मास्क चेहऱ्याला नुसता टेकवायचा आणि नाकाने हलकासा श्वास आत घ्यायचा. हात सोडल्यावरही मास्क जागचा हलला नाही तर तो आपला. श्वास हलकासाच घ्यायचा, कारण जोर लावून ओढला तर घमेलंसुद्धा चेहऱ्याला चिकटेल. मग हाच प्रयोग तोंडात रेग्युलेटरचा माउथपीस धरून पुन्हा करायचा. दातांत काही धरलं की गालांची ठेवण बदलते आणि मघाशी पास झालेला मास्क नापास होतो. काच टेम्पर्ड हवी, तसं काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. कडेची झालर सिलिकॉनची हवी. या तीन गोष्टी जमल्या की मधल्या किमतीचा मास्क आणि त्याच्या तिप्पट किमतीचा मास्क यांतून दिसणारा मासा एकच असतो. चष्मेवाल्यांनी नंबराच्या तयार काचा बसवता येतात असं मॉडेल आधीच बघून ठेवावं.

मिशीवाल्यांची कथा निराळी. नाकाखालच्या केसांतून पाणी हमखास झिरपतं. वरच्या कडेची बारीकशी पट्टी भादरावी, नाहीतर मिशीला सिलिकॉन ग्रीस चोपडावं. दुकानदार तिसरा उपाय सुचवतो तो म्हणजे आणखी महागाचा मास्क. मिशी त्यालाही जुमानत नाही.

पोहण्याचा गॉगल चालेल का, हा प्रश्न प्रत्येक काटकसरी माणूस एकदा तरी विचारतो. चालत नाही. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि आतली हवा आवळत जाते. मास्कमध्ये नाक आत असल्यामुळे फुंकर घालून ती भरून काढता येते. गॉगलचं नाकाशी काही नातंच नसल्याने तो मग डोळ्यांना ओढू लागतो. पूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्केलिंगचे मास्क दिसायला झोकदार असतात, पण ते पृष्ठभागावर तरंगण्यापुरतेच. त्यांत रेग्युलेटर तोंडात धरायला जागाच नसते.

नवा मास्क पहिल्याच डाइव्हला धुक्याने भरतो आणि मालक दुकानदाराला शिव्या देतो. दोष काचेवर बसलेल्या सिलिकॉनच्या अदृश्य थराचा असतो. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, बोटाने काचेच्या आतल्या बाजूला मिनिट-दोन मिनिटं चोळावी, धुवावी, आणि हे तीन-चार वेळा करावं. काही बहाद्दर लायटरची ज्योत फिरवून तो थर जाळतात. त्यात थराबरोबर झालरही जाते. त्यानंतर दर डाइव्हच्या आधी काचेवर थुंकायचं, बोट फिरवायचं, जेमतेम विसळायचं. धुकं पळवणाऱ्या द्रवाच्या चिमुकल्या बाटल्या मिळतात, पण पाण्यात पातळ केलेला बेबी शाम्पूही तेच काम करतो आणि थुंकी तर घरचीच.

फिन्स घेताना आधी बूट, मग फिन्स. उलटं केलं की पाय आत जात नाही किंवा गेलेला निघत नाही. टाच उघडी असलेली फिन्स बुटांवर घालायची, बंद टाचेची अनवाणी पायांवर. किनाऱ्यावरून खडकांतून चालत उतरायचं असेल तर बूट हवेतच. खर्च करायचाच झाला तर तो रबरी पट्ट्यांऐवजी स्प्रिंगच्या पट्ट्यांवर करावा, कारण प्लास्टिकची बकलं नेमकी बोटीच्या शिडीशी तुटतात. फ्रीडायव्हिंगची, म्हणजे सिलिंडरशिवाय श्वास रोखून बुडी मारणाऱ्यांची, हातभर लांब पाती मात्र नवख्याने घेऊ नयेत. पोटरीत गोळा येतो, आणि मागून येणाऱ्याला मुस्कटात बसते ती वेगळी.

फिन्सचा रंग मास्कशी, मास्कचा सूटशी आणि सूटचा बीसीडीशी जुळावा म्हणून लोक जास्तीचे पैसे मोजतात. पाण्यात सर्वांत आधी लाल रंग शोषला जातो. टॉर्च नसेल तर १० मीटरच्या खाली तुमची लालभडक फिन्स मळकट तपकिरी दिसतात. तेव्हा मागच्या वर्षीचा, कोणाला नको असलेल्या रंगाचा माल सवलतीत मिळत असेल तर डोळे मिटून उचलावा. पिवळा मिळाला तर उत्तमच, वर आल्यावर बोटवाल्याला लांबून दिसतो.

आता नियमातला अपवाद. कॉम्प्युटर सांभाळायला मेकॅनिक लागत नाही आणि तो भाड्यानेही मिळतो, तरी तिसरी खरेदी त्याचीच असावी. शरीरात किती नायट्रोजन साठला याचा हिशोब तो डाइव्हमागून डाइव्ह पुढे नेत असतो. भाड्याचा कॉम्प्युटर सकाळी दुसऱ्याच्या मनगटावर असेल तर त्या अनोळखी गृहस्थांचा नायट्रोजन दुपारी तुमच्या खात्यावर पडतो. एवढ्याने फार तर खाली थांबायची वेळ कमी मिळते. पण सकाळी तुम्ही एक वापरला आणि दुपारी भलताच हातात आला, तर तुमच्या सकाळच्या डाइव्हची त्याला दादही नसते, आणि हा प्रकार खरोखर धोक्याचा. दोघांत एक घेऊन पैसे वाचवण्याचा विचार त्याच कारणाने सोडून द्यावा. घड्याळासारखा दिसणारा कॉम्प्युटर महाग असतो. जाडजूड, गोल, एका बटणाचा स्वस्त असतो, आणि वर येण्याचा वेग किंवा ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा तोही तितक्याच इमानाने सांगतो. नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेची) सोय आहे ना आणि बॅटरी आपल्याला बदलता येते ना, एवढं बघावं. काहींची बॅटरी कंपनीकडे पाठवूनच बदलावी लागते आणि तो खर्च ऐकून नवाच घ्यावासा वाटतो.

वेटसूट हा मात्र खरा परीक्षेचा पेपर. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस पटींहून जास्त वेगाने पळवतं, म्हणून सूट हवाच. पाणी २६-२७ अंशांच्या वर असेल तर ३ मिलिमीटर जाडीचा पुरतो, २० च्या आसपास ५ आणि त्याहून गार असेल तर ७. मापाचा सूट तो, जो घालताना छोटा वाटतो. त्यामुळे ट्रायल रूमचा पडदा ओढला की आत जे चालतं ते बाहेरच्यांना नुसतं ऐकू येतं.

पहिली चूक, चेन पुढे घेऊन पाय घालणे. बहुतेक सूटची चेन पाठीवर असते. म्हणून तिला एवढी लांब दोरी. पायावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून मग पाय आत सरकवायचा, सूटचं निओप्रीन (बुडबुडे भरलेलं रबर) पायाला चिकटत नाही. पाय निघाला की तीच पिशवी दुसऱ्या पायाला, मग हातांना. ओढताना बोटांच्या पेरांनी चिमटीत धरायचं, नखांनी नाही. नख लागलं की चंद्रकोरीच्या आकाराची चीर पडते आणि तो सूट तिथल्या तिथे तुमचा होतो, माप बसो न बसो. घोटा, पोटरी, गुडघा असं खालून वर थोडं थोडं सरकवत आणायचं. घाई करून खांद्यापर्यंत पोचलेल्या माणसाचं बूड अजून गुडघ्यांतच अडकलेलं असतं आणि त्याला कुबड्यासारखं बाहेर यावं लागतं. चढला की खाली बसून, हात वर करून, कमरेमागे आणि मानेशी चाचपायचं. तिथे पोकळी राहिली तर प्रत्येक हालचालीला गार पाणी आत-बाहेर करत राहतं. छाती आवळली पाहिजे, श्वास अडकता कामा नये. एवढं झाल्यावर अंगाला घाम सुटलेला असतो आणि दुकानदार बाहेरून विचारतो, "एक साइज छोटी देऊ का?"

सेकंडहँड सूट स्वस्त असतो, पण निओप्रीनची ऊब त्यातल्या बारीक बुडबुड्यांत असते आणि वर्षानुवर्षं दाब खाऊन ते चपटे होतात. गुडघ्याजवळचं कापड दोन बोटांत दाबून बघावं. दाबल्यावर फुगून वर येत नसेल तर तो ५ मिलिमीटरचा सूट आता नावापुरताच ५ चा. वासाबद्दल फार खोलात जात नाही. आधीच्या मालकाला थंडी वाजली तेव्हा त्याने काय केलं असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

रेग्युलेटरशी आलं की काटकसरवाल्यांची गाडी हमखास घसरते. सिलिंडरमधली २०० बार दाबाची हवा पहिला टप्पा आसपासच्या दाबापेक्षा ९-१० बार जास्त एवढ्यावर आणतो आणि तोंडातला दुसरा टप्पा ती श्वासाजोगती करून देतो. १९४३ साली जाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी हे यंत्र जमवलं ते युद्धातल्या पेट्रोलटंचाईत गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी गान्याँने केलेल्या व्हॉल्व्हवरून. म्हणजे मुळात जुगाडच. पण जुगाडाचा कोटा त्या दोघांनी संपवला. आपण त्यात भर घालू नये.

अर्ध्या किमतीत मिळणारा जुना रेग्युलेटर घरी आणताना पुढचा खर्च लपलेला असतो: सर्व्हिसिंगची मजुरी, सुट्या भागांचा संच, तडे गेलेल्या नळ्या. मूळ बिल नसेल तर वॉरंटी गेली; मॉडेल फार जुनं असेल तर सुटे भागच मिळत नाहीत. तरी घ्यायचाच असेल तर पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेली जाळी बघावी. ती हिरवट असेल तर खारं पाणी आत गेलेलं आहे. मग धूळटोपी घट्ट लावून माउथपीसमधून श्वास ओढावा. सिलिंडर जोडलेला नसताना हवा यायला नको. आली तर कुठेतरी गळती आहे. नळ्या टोकांशी वाकवून चिरा तपासाव्या. निवड असेल तर सिलिंडरमध्ये आट्यांनी बसणारी डीन पद्धतीची जोडणी घ्यावी, वर योक (बाहेरून चिमट्यासारख्या कसायच्या पद्धतीचा) ॲडॉप्टर लावला की दोन्हीकडे चालते. आणि शेवटी कागदावर मांडावं: किंमत भागिले पाच वर्षं, अधिक वर्षाचं सर्व्हिसिंग, भागिले वर्षातल्या खऱ्या डाइव्ह. मनातल्या नव्हे, खऱ्या. वर्षाला चार-सहा डाइव्ह करणाऱ्याला भाडं स्वस्त पडतं असंच उत्तर बहुधा येतं.

बीसीडीचंही तेच. जुना घेतलाच तर सेफ्टी व्हॉल्व्ह फुसकन सुटेपर्यंत फुगवून रात्रभर ठेवावा, सकाळी तसाच ताठ हवा. फुगवायचं बटण मिठाने अडकत असेल तर तो तुम्हाला न विचारता वर नेतो.

सिलिंडर घेऊच नये. रिकामा ॲल्युमिनियमचाही १४ किलोंच्या आसपास भरतो, दर वर्षी आतून तपासणी, बहुतेक ठिकाणी पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी, आणि भरायला कॉम्प्रेसर लागतो तो लागतोच. ६३५१ मिश्रधातूच्या जुन्या ॲल्युमिनियम सिलिंडरांना मानेशी तडे जात असत. असला कोणी फुकट दिला तरी हात जोडावेत.

उरलं किरकोळ सामान. पोटरीला बांधायचा हातभर सुरा नको, कात्रीसारखी प्रथमोपचाराची शिअर्स पुरते. जाळ्यात अडकलं तर तीच कापते. गिर्यारोहणाचे उघड्या जिभेचे कॅराबिनर नकोत, मासेमारीची दोरी त्यांत आपोआप अडकते आणि निघत नाही. बोल्ट स्नॅप, म्हणजे खिटी सरकवून उघडायचे हूक, घ्यावेत. पृष्ठभागावर सोडायचा फुगा आणि दोरीचं रीळ मात्र घ्यावं, आणि वापरायला शिकून घ्यावं. स्वतःचा माउथपीस आणि दोन झिप-टाय जवळ ठेवले की भाड्याच्या रेग्युलेटरवर दुसऱ्याच्या दातांचे ठसे चावत बसावं लागत नाही. आणि योक सिलिंडरच्या तोंडाला बसणाऱ्या ०१४ मापाच्या ओ-रिंगचं एक पाकीट. ही चिमुकली रबरी कडी नेमकी बोट निघाल्यावर फाटते, हवा फुत्कारत सुटते, आणि सर्वांत महागडा सेट अंगावर चढवून बसलेला माणूस इकडेतिकडे बघत विचारतो, "कुणाकडे जास्तीची आहे का हो?" द्यावी. पाकिटात दहा असतात.