मताला धक्का न लावता पदवी कशी मिळवावी

समाजशास्त्राला किंवा राज्यशास्त्राला प्रवेश घेतलात, अभिनंदन! नातेवाईक विचारतील, 'हे शिकून पुढे काय करणार?' मनावर घेऊ नका, विभागप्रमुखांनाही कधीकाळी कुणीतरी हेच विचारलं असेल. काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. समाज कुणामुळे बिघडला, लोक कशाला भुलून मत देतात, गरीब गरीबच का राहतात, हे तुम्हाला प्रवेशअर्ज भरण्याआधीपासून ठाऊक आहे. आणि आता काही वर्षं या ज्ञानावर चहूबाजूंनी हल्ले होणार आहेत. घरून आणलेली मतं एकही ओरखडा न उठता परत घरी न्यायची असतील, तर थोडी पथ्यं पाळावी लागतील.

मूळ ग्रंथांच्या वाटेला जाऊ नका. मार्क्सचे भक्त असाल तर मार्क्स वाचू नका. विरोधक असाल तर अजिबातच नको. 1867 साली आलेला 'भांडवल'चा पहिला खंड क्रांतीच्या ओढीनं उघडावा, तर पहिल्याच प्रकरणात वीस वार लिनन बरोबर एक कोट असा हिशेब सुरू होतो आणि पानांवर पानं उलटली तरी तो कोट काही संपत नाही. बाजारपेठेचे पुजारी असाल तर अ‍ॅडम स्मिथपासून दूर राहा. बाजार आपोआप सगळं सुरळीत करतो हे सांगायला ज्या 'अदृश्य हाता'च्या नावानं तुम्ही वादात टेबल बडवता, तो हात त्याच्या 1776 च्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या जाडजूड ग्रंथात एकदाच दिसतो. उलट, एकाच धंद्यातली माणसं मौजमजेसाठी जमली तरी गप्पांचा शेवट गिऱ्हाइकांविरुद्धच्या कटात होतो, असं हा गृहस्थ लिहून बसलाय. मॅकियाव्हेली त्याहून दगाबाज: कपटाचा गुरू म्हणून त्याचं नाव घ्यावं, तर पठ्ठ्यानं प्रजासत्ताकांच्या बाजूनं केवढा तरी मजकूर लिहून ठेवलेला. आपल्याच माणसाचं पुस्तक वाचलं की आपलीच पंचाईत होते. त्यापेक्षा गाइड आणा. गाइडात प्रत्येक विचारवंताचे पाच गुण आणि पाच दोष दिलेले असतात, आणि सगळ्यांचे ते जवळपास सारखेच असतात.

सत्ता हा विषय मात्र मन लावून शिका, फक्त तो कुणावर वापरायचा ते आधी ठरवा. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डालनं 1957 मध्ये म्हटलं, 'ब'नं एरवी जे केलं नसतं ते 'अ' त्याच्याकडून करवून घेतो, ती सत्ता. 1962 मध्ये बॅक्रॅक आणि बॅराट्झ म्हणाले, तेवढ्यानं भागत नाही. काही विषय चर्चेलाच येऊ न देणं हीसुद्धा सत्ताच. 1974 मध्ये स्टीव्हन ल्यूक्स आणखी पुढे गेला: 'ब'ला तेच हवंसं वाटायला लावणं, ही सगळ्यांत पक्की सत्ता. तिन्ही प्रकार विभागातच पाहायला मिळतात. सबमिशनची तारीख हा पहिला. प्राध्यापकांच्या नेमणुका कशा होतात, हा बैठकीत कधीच न निघणारा विषय हा दुसरा. आणि विभागात एकच ऐच्छिक पेपर शिकवला जात असताना 'मला हाच घ्यायचा होता' असं मनापासून सांगणारा तुमचा मित्र हा तिसरा. मजा आहे यात. पण ती सरकार, भांडवलदार आणि समोरची विद्यार्थी संघटना यांच्यापुरतीच ठेवा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्सला ही अक्कल नव्हती. जर्मनीतल्या ज्या समाजवादी पक्षात तो स्वतः वावरला, त्याचाच त्यानं अभ्यास केला आणि 1911 साली लिहिलं, की लोकशाहीसाठी लढणाऱ्या संघटनेतही शेवटी मूठभरांचंच राज्य येतं. पुढे तो मुसोलिनीच्या पक्षात जाऊन बसला. तेव्हा तुमच्या संघटनेचे अध्यक्ष किती वर्षं अध्यक्ष आहेत, हे मोजत बसू नका.

सगळ्यांत मोठा धोका 'संशोधन पद्धती' या पेपरचा. पदवीनंतर खरोखर कामाला येणारा कदाचित हा एकच पेपर, म्हणून त्याला जास्तच जपून राहायचं. अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. 20 लाखांहून जास्त भरून परत आल्या. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदी अशा ठिकाणांहून, म्हणजे ऐन मंदीत ज्यांच्या दारात मोटार होती त्यांचे. रूझवेल्टविरुद्ध उभा असलेला लँडन जिंकणार असं छापून आलं. रूझवेल्टनं 48 पैकी 46 राज्यं घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनं त्या मानानं चिमूटभर लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता. किती जणांना विचारलं यापेक्षा कुणाला विचारलं ते पाहा, असा धडा सर यावरून देतील. ऐकून सोडून द्या. तुमचा प्रबंध 'आजच्या तरुणाईचा राजकीय कल' यावर असणार, आणि आजची तरुणाई म्हणजे तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची मंडळी. गूगल फॉर्म तिकडे टाका. रात्री उशिरा 'प्लीज भरा रे' अशी आठवण करा. प्रश्न असा ठेवा: 'सडलेल्या व्यवस्थेमुळे तरुण निराश झाला आहे, असं तुम्हाला किती वाटतं?' पर्याय: खूप, अतिशय, शब्दांत सांगता येत नाही. निष्कर्षाचं प्रकरण फॉर्म पाठवण्याआधीच लिहून ठेवलंत तर काम आणखी हलकं होतं. आधी कळस, मग पाया.

आणि फॉर्म भरून आले की तिथेच थांबा. लोक बोलतात तसं वागतात का, हे पाहायला बाहेर पडू नका. रिचर्ड लापिएर नावाचा समाजशास्त्रज्ञ पडला. चिनी लोकांबद्दल अमेरिकेत उघड आकस होता, त्या दिवसांत तो एका चिनी जोडप्याबरोबर देशभर फिरला. मुक्काम आणि जेवणाच्या सुमारे 250 ठिकाणी ते गेले. नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. नंतर त्यानं त्याच ठिकाणी पत्रं पाठवली, 'चिनी पाहुणे चालतील का?' उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिकांनी 'नाही' कळवलं. हे सगळं 1934 साली छापून आलं आणि प्रश्नावलीवर जगणाऱ्यांची झोप उडाली. नुसत्या पत्रांवर भागवलं असतं तर किती स्वच्छ तक्ता मिळाला असता!

लिहितानाही सांभाळा. 'लोकांना भीती वाटते' असं कधी लिहू नका. त्यावर कुणीही विचारेल, 'कुठल्या लोकांना?' 'भयाच्या विमर्शातून धुरीणत्वाची पुनर्निर्मिती होते' असं लिहा. कोणाची टाप आहे विचारायची? 1996 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकलनं मुद्दाम रचलेला अर्थशून्य लेख एका नियतकालिकात छापून आणला आणि वर स्वतःच ते जाहीर केलं. गप्प बसला असता तर आज संदर्भसूच्यांमध्ये मानानं मिरवला असता.

पदवी हातात पडली की चॅनेलवरच्या चर्चेची खुर्ची फार दूर नाही. तिथे एकाच माणसाचं भय बाळगा: मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक. त्यानं जवळजवळ 20 वर्षं 284 तज्ज्ञांची 80 हजारांवर भाकितं नोंदवून ठेवली आणि 2005 मध्ये हिशेब मांडला. बरेचसे तज्ज्ञ अंदाजपंचे उत्तरांहून फारसे सरस निघाले नाहीत, आणि त्यातले जे जास्त प्रसिद्ध होते ते जास्त चुकले. खचू नका, चुकत राहूनही प्रसिद्ध होता येतं, याचा याहून भक्कम पुरावा कुठे मिळणार? त्या बिचाऱ्यांचा घात केला तो आकड्यानं आणि मुदतीनं. टेटलॉकनं विचारलं आणि त्यांनी सांगून टाकलं. तुम्ही म्हणा, 'येत्या काळात मोठी उलथापालथ नाकारता येत नाही.' अँकरनं 'म्हणजे कधी?' असं विचारलंच, तर प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे म्हणा, चष्मा काढून पुसा आणि ब्रेक होईपर्यंत पुसत राहा.