आधी रिपोर्ट दाखव, मग बघू?

ऑफिसात कुणाला एडीएचडी आहे (लक्ष टिकवणं, कामाला हात घालणं जड जातं), कुणाला डिस्लेक्सिया आहे (वाचायला-लिहायला त्रास होतो), कोण ऑटिस्टिक आहे (लोकांशी बोलण्या-वागण्याची आणि आजूबाजूचं जाणवण्याची पद्धत वेगळी असते) हे मॅनेजरला सांगितलंच नाही तर तो मदत तरी कशी करणार, असं मध्यंतरी एकाने विचारलं आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. माझं मत सरळ आहे, मॅनेजरला ते कळायलाच हवं असं काही नाही. कुणी विश्वासाने सांगितलं तर नीट ऐकून घ्या, चारचौघांत त्याची चर्चा करू नका. पण माणसाला धड काम करता येईल असं वातावरण देण्यासाठी त्याच्या मेडिकल रिपोर्टची वाट बघायची, हे मला अजिबात पटत नाही.

का ते सांगते. कित्येकांना स्वतःबद्दल हे माहीतच नसतं. आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांच्या लहानपणी 'हुशार आहे पण धांदरट', 'घुमा आहे', 'अभ्यासात लक्षच नाही' एवढ्यावर विषय संपायचा. डॉक्टरांकडे तरी कुठे सगळं स्पष्ट होतं, मानसोपचारात डीएसएम नावाचं जे अमेरिकन मॅन्युअल कितीतरी देशांत वापरतात त्यात २०१३ च्या आवृत्तीपर्यंत ऑटिझमचं निदान असेल तर सोबत एडीएचडीचं करायचं नाही असा नियम होता! आणि दोन्ही एकत्र असलेली माणसं तर भरपूर आहेत. बायकांचं तर आणखीनच वेगळं, लहानपणापासून दुसऱ्यांचं बघून बघून कसं बोलायचं कधी हसायचं हे इतकं घोटलेलं असतं की कुणाला शंकाच येत नाही, आणि मग कधीतरी आपल्या मुलाला डॉक्टरकडे नेल्यावर तिथले प्रश्न ऐकून आईला कळतं की अरे हे तर सगळं माझंच आहे.

आणि ज्यांना माहीत असतं ते गप्प बसतात, कारण एकदा सांगितलं की पुढच्या मोठ्या प्रोजेक्टच्या वेळी 'तिला झेपेल का' ही कुजबुज सुरू होणार हे त्यांना पक्कं माहीत असतं. ही भीती मला पूर्ण समजते. त्यामुळे जो माणूस सगळ्यात जास्त दमलेला असतो तोच सगळ्यात कमी बोलतो.

मग टीम लीडने करायचं काय? मी म्हणेन साध्या मेसेजपासून सुरुवात करा. माझ्या एका जुन्या टीममध्ये एक जण होता, आकड्यांत अतिशय पक्का. आधीचा लीड त्याला सकाळी मेसेज टाकायचा, 'वेळ मिळाला की ये, जरा बोलायचंय.' बस, एवढंच. त्या पोराचा अख्खा दिवस गेला समजा, काय चुकलं असेल ते शोधत जुने मेल उघडून बसायचा आणि संध्याकाळी भेट झाली की विषय निघायचा एखाद्या कॉलमच्या नावाचा. नंतर नवीन लीड आली, तिचा मेसेज असायचा, '४ वाजता १० मिनिटं भेटू. रिपोर्टमधल्या दुसऱ्या टेबलबद्दल दोन शंका आहेत. बाकी सगळं ठीक आहे.' मेसेज टाइप करायला तिला असे किती सेकंद जास्त लागत असतील? पण तो शांतपणे दिवसभर काम करायचा. तिने त्याला कधीच काही निदान वगैरे विचारलं नाही, ती सगळ्यांनाच तसे मेसेज करायची आणि खरं सांगू का, मलाही ते आवडायचं.

असंच बाकीचंही. तोंडी दिलेलं काम दोन ओळींत लिहून पाठवा. आठही कामं अर्जंट आहेत असं म्हणू नका, आज कुठलं पहिलं ते सांगा, कारण एडीएचडी असलेल्या माणसाला नेमकं तिथेच अडतं, काम येत असतं पण सुरुवात कुठून करायची ते ठरत नाही. मीटिंगमध्ये चार पानं हातात देऊन 'वाचून लगेच सांग' म्हणू नका, आदल्या दिवशी पाठवा, डिस्लेक्सिया असलेल्याला तेवढाच अवधी पुरतो. कुणी हेडफोन लावून बसलं तर तो माणूसघाणा आहे असं ठरवू नका. कुणाची बसायची जागा न सांगता बदलू नका.

इंटरव्ह्यूबद्दल तर मला फार राग आहे. अनोळखी तीन लोकांसमोर डोळ्यांत बघत फटाफट उत्तरं देणं हे काम त्या नोकरीत पुढे कुणालाच करायचं नसतं, तरी आपण परीक्षा त्याचीच घेतो. डेन्मार्कच्या थॉर्किल सॉन यांनी हे फार आधी ओळखलं, त्यांचा मुलगा ऑटिस्टिक, त्यांनी २००४ मध्ये ऑटिस्टिक लोकांना काम देणारी स्पेशलिस्टर्ने ही कंपनी काढली आणि उमेदवारांना प्रश्न विचारत बसण्यापेक्षा लेगोचे रोबो बनवायला दिले, त्यातून कोण कसा विचार करतो ते दिसायचं. पुढे एसएपीने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ऑटिस्टिक लोकांसाठी भरतीचे खास कार्यक्रम सुरू केले. चांगलंच आहे ते. पण त्या खास दारातून येण्यासाठी पुन्हा आपण ऑटिस्टिक आहोत हे आधी माहीत हवं आणि ते उघडपणे सांगायची तयारी हवी, मग मेन दारच थोडं रुंद का नाही करायचं? प्रश्न सगळ्यांना आदल्या दिवशी पाठवा, कामाचा एक छोटा नमुना करून घ्या. सगळे तयारी करून येतील म्हणतात, येऊ देत की! तयारीने केलेलं कामच आपल्याला रोज हवं असतं.

अजून एक गैरसमज, 'ऑटिस्टिक लोकांना संवाद जमत नाही.' डेमियन मिल्टन या संशोधकाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ मध्ये मांडलं की अडचण दोन्ही बाजूंची असते, त्यांना आपलं कळत नाही तसं आपल्यालाही त्यांचं कळत नाही. २०२० मध्ये एडिनबर्गच्या संशोधकांचा एक अभ्यास आला, त्यात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी गोष्ट पुढे सांगत न्यायची होती. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीतून ती गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. म्हणजे संवाद येत नाही हे म्हणणंच टिकत नाही. तरी जुळवून घ्यायची सगळी जबाबदारी एकाच बाजूवर, आणि ते रोज आठ-नऊ तास करून माणूस घरी जातो तेव्हा त्याच्यात बोलायचंही त्राण उरत नाही.

आणि प्लीज, ऑटिझम किंवा एडीएचडी म्हणजे 'सुपरपॉवर' म्हणायचं ते प्रकरण बंद करा. चांगल्या हेतूने म्हणतात माहितीये, पण प्रत्येक ऑटिस्टिक माणूस कोडिंगचा जादूगार नसतो आणि प्रत्येक एडीएचडीवाला भन्नाट आयडियांचा कारखाना नसतो, काही जण आपल्यासारखेच साधं नीट काम करणारे असतात आणि त्यांनाही तितकंच सांभाळून घेतलं पाहिजे.

लीड असाल तर आता अप्रेझल लिहिताना एक करा. 'कम्युनिकेशन सुधारायला हवं' किंवा 'टीम प्लेयर नाही' असं लिहिलंत की त्याखाली उदाहरण लिहा, कुठल्या कामात, नेमकं काय अडलं, कुणाचं नुकसान झालं. डोळ्यांत बघत नाही, डब्याच्या वेळी एकटा बसतो, पार्टीला येत नाही, ही उदाहरणं धरायची नाहीत. दुसरं सापडत नसेल तर ती ओळ खोडून टाका.