रेफरलच्या त्या चार ओळी

माझं स्पष्ट मत आहे, मूल स्पेशल एज्युकेशनमध्ये जाणार की नाही हे असेसमेंटच्या टेबलावर ठरतच नाही, ते त्याच्या बरंच आधी ठरून जातं, ज्या दिवशी क्लासटीचर रेफरलचा कागद, म्हणजे मुलाला असेसमेंटला (तपासणीला) पाठवायची चिठ्ठी, लिहायला घेते ना, त्या दिवशी.

मी स्पेशल एज्युकेटर आहे, असले कागद सतत हातात येतात. बहुतेकांवर काय असतं सांगू? "अभ्यासात लक्ष नाही. वर्गात दंगा करतो. वारंवार सांगूनही फरक नाही. कृपया असेसमेंट करावे." बास. आता यावरून मी काय समजायचं? कान तपासायचे, डोळे तपासायचे, वाचन बघायचं की घरी काय चाललंय ते विचारायचं? या कागदावरून मुलाबद्दल काही कळत नाही, बाई किती वैतागल्यात तेवढं कळतं.

आणि मग कधीतरी असाही कागद येतो. "फळ्यावरचं उतरवताना ओळ सुटते, पहिल्या बाकावर बसवलं तरी सुटते. तोच धडा मी वाचून दाखवला आणि तोंडी विचारलं तर उत्तरं बरोबर. जोडाक्षर आलं की पहिलं अक्षर बघून अंदाजाने शब्द ठोकतो. तोंडी हिशोब पक्का, शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल खाली ठेवतो." इथे अर्धं काम झालं की हो! ऐकून समजतंय, अडकतंय ते छापील अक्षरापाशी. डोळे आणि कान तरीही आधी तपासून घ्यायचेच, ते कधीच सोडायचं नाही, पण पुढे कुठे बघायचं ते या बाईंनी दाखवून दिलं. त्यांना कसलंही निदान करायचं नव्हतं, फक्त जे दिसलं ते लिहिलं.

दुसरी गोष्ट, रेफर कोण होतं? जो त्रास देतो तो. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये वाचनाच्या अडचणींवर संशोधन करणाऱ्या सॅली शेविट्झ आणि त्यांच्या टीमने हे तपासलं होतं, १९९० मध्ये त्यांचा पेपर आला. शाळांनी "याला वाचनाची अडचण आहे" म्हणून दुसरीत जी मुलं ठरवली होती त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या चौपटीच्या वर होतं, आणि संशोधकांनी स्वतः सगळ्यांची टेस्ट घेतली तर मुलगे आणि मुलींच्या प्रमाणात फारसा फरकच नाही. म्हणजे तेवढ्याच अडचणीच्या मुली वर्गात होत्या, गप्प बसून होत्या, वही सुबक ठेवत होत्या आणि शेजारणीचं बघून उतरवत होत्या, त्यांना कोण पाठवणार? अशी मुलगी माझ्याकडे येते तेव्हा ती मोठ्या वर्गात गेलेली असते आणि "मी ढ आहे" हे तिने स्वतःच ठरवून टाकलेलं असतं, मग वाचन शिकवण्याआधी ते काढायलाच जास्त वेळ जातो.

वयाचंही तसंच. प्रवेशाची कटऑफ तारीख जेमतेम गाठून आलेलं मूल वर्गातल्या काही मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभर लहान असतं. अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासांत दिसलंय की वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांना एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान जास्त होतं. त्यातली काही नुसती लहान आहेत हो! रेफरलवर जन्मतारीख असतेच, पण ती कोणी या नजरेने वाचतच नाही.

हे दुखणं जुनंच आहे बरं का. बिने आणि सिमों या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली ती याच कामासाठी, कुठल्या मुलांना वेगळ्या मदतीची गरज आहे हे नुसत्या शिक्षकांच्या मतावर ठरू नये म्हणून. आणि पुढे गंमत बघा, तीच टेस्ट लेबल लावायचं हत्यार झाली. कॅलिफोर्नियात १९७० मध्ये डायना नावाची कोर्टकेस झाली, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची टेस्ट इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात टाकलं होतं. परत स्पॅनिशमध्ये टेस्ट घेतल्यावर त्यातली बहुतेक मुलं त्या वर्गातली नव्हतीच. म्हणून मी नेहमी विचारते, घरी कुठली भाषा बोलता आणि टेस्ट कुठल्या भाषेत झाली? रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं नसेल तर आकड्यांकडे मी जरा संशयानेच बघते.

आता यावर शिक्षक मंडळी म्हणणार, एवढी मुलं सांभाळून निरीक्षणं कधी लिहायची? बरोबर आहे, खोटं नाही. पण प्रबंध कोण मागतंय? चार ओळी हव्यात. काय दिसतं, कधी दिसतं, मी काय करून बघितलं आणि त्याने काय झालं. यातली तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच कोरी असते. मुळात नीट शिकवलंच गेलं नसेल, शाळा बदलल्या असतील, आजारपणात महिने गेले असतील तर नुसत्या त्यावरून लर्निंग डिसॅबिलिटी म्हणता येत नाही, नीट न शिकवल्याबद्दल तर अमेरिकेच्या कायद्यात हे सरळ लिहिलंय.

पण याची दुसरी बाजू पण आहे आणि ती मला जास्त चिडवते. "आधी रेमेडियल (मागे पडलेल्यांसाठी जादा शिकवणं) करून बघू, मग बघू" करत करत वर्ष घालवायचं. पूर्वी बुद्ध्यांक आणि मार्क यातली दरी पुरेशी मोठी होईपर्यंत थांबायचे, म्हणजे मूल पुरेसं नापास झालं की मग मदत! अमेरिकेने २००४ च्या कायद्यात ती दरीची सक्ती काढली, वर्गातल्या मदतीला मूल कसा प्रतिसाद देतं ते बघूनही ठरवता येईल म्हणाले. झालं, तर काही शाळा त्याच्याच आड लपायला लागल्या, शेवटी २०११ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याला सगळ्या राज्यांना लेखी कळवावं लागलं की या कारणाने असेसमेंट लांबवू नका. तिथे पालकांनी संमती दिल्यापासून ६० दिवसांत असेसमेंट व्हायला हवं, राज्याने स्वतःची वेगळी मुदत ठरवली असेल तर तेवढ्यात. आणि संमती दोनदा लागते, एकदा तपासायला, एकदा सेवा सुरू करायला. ही दुसरी संमती मला फार आवडते. रिपोर्ट आला म्हणजे मूल आपोआप वेगळ्या वर्गात गेलं असं होत नाही, मधे आईवडलांना "थांबा" म्हणायची जागा आहे.

पालकांनो, तुमच्यासाठी एवढंच की शाळा सुचवेल याची वाट बघू नका, तुम्हीही मागू शकता. तोंडी नको, लेखी द्या, तारीख घाला, कॉपी ठेवा. मीटिंगमध्ये "कुठल्या वर्गात टाकणार" हा प्रश्न शेवटी विचारा, आधी विचारा की त्याला नेमकं काय शिकवणार, कोण शिकवणार, आणि ते नेहमीच्या वर्गात बसून का जमणार नाही. या तिसऱ्या प्रश्नाला बऱ्याचदा टेबलापलीकडून उत्तरच येत नाही. आणि परत कधी तपासणार तेही आत्ताच लिहून घ्या. आत घ्यायला सगळे तयार असतात, बाहेर कधी काढायचं याची तारीख कोणाच्याच डायरीत नसते.

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींपैकी कोणी असा चार ओळींचा साधा फॉर्म वापरत असेल तर त्याचा फोटो कमेंटमध्ये टाका प्लीज, मुलाचं नाव झाकून. माझा फॉर्म दोन पानी झालाय आणि तो कोणीच पूर्ण भरत नाही.