नस काढली तरी दाढ का दुखली, आणि कॅपचे पैसे वेगळे का

ताई, नमस्कार. दवाखाना माझा, दाढेवर कामही मीच केलं, म्हणून उत्तर मीच लिहिते आहे. तुमची तक्रार अशी: रूट कॅनल करून नस काढल्यावरही चार दिवस घास चावता आला नाही, दोनदा बोलावलं, अँटिबायोटिक दिलं नाही, आणि सगळं आटोपल्यावर कॅपचे वेगळे पैसे सांगितले. कॅप आता बसवणारच नाही, असंही तुम्ही लिहिलंय. तुमचे एक्स-रे, कागद या चारचौघांत बोलायच्या गोष्टी नाहीत. तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलते.

आधी पैशांचं, कारण त्यात चूक आमची आहे. ‘नंतर कॅप लागेल’ एवढंच आम्ही बोललो, आकडा सांगितला नाही. दाढेने रात्र रात्र जागवलेल्या माणसाच्या ते ध्यानात राहणार कसं? महिन्याचा हिशेब बसवून चालणाऱ्या घराला शेवटच्या दिवशी असा खर्च ऐकवणं बरोबर नाही. मनापासून माफी मागते. आता रूट कॅनल, वरचं फिलिंग आणि कॅप, तिन्हींचा खर्च पहिल्या इंजेक्शनआधीच कागदावर लिहून देतो.

पण कॅप टाळू नका. कीड काढून, मुळांतल्या नस असलेल्या नळ्यांपर्यंत वाट करून दाढ आतून पोकळ होते, बाजूच्या भिंती पातळ उरतात. समोरच्या दाताला पुष्कळदा नुसतं फिलिंग पुरतं. दाढेवर चावण्याचा सगळा जोर येतो. आपल्या नागपुरात तर सुपारी आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा. रूट कॅनल उत्तम झालेलं, कॅप राहून गेलेली आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरलेली, असे पेशंट माझ्याकडे येतात. अशी दाढ काढावीच लागते. दरवेळी वाईट वाटतं.

आता दुखण्याचं. आपण काढतो ती नस दाताच्या आतली. दाढ हाडात बसलेली असते ती मुळाभोवतीच्या बारीक तंतूंवर, आणि त्या तंतूंमधल्या नसा शाबूतच राहतात. नळ्या साफ करताना मुळाच्या टोकाशी सूज येते. म्हणून थंड-गरम लागत नाही, पण चावलं की कळ येते. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत उतरतं, काहींना आठवडाही लागतो. हे घरी जातानाच तुम्हाला सांगितलं असतं तर ते चार दिवस काळजीत गेले नसते. तेही आमच्याकडून राहिलं.

अँटिबायोटिक मात्र मी विचार करूनच दिलं नाही. ताप नसेल, सूज पसरत नसेल तर त्याने दुखणं कमी होत नाही. उगाच घेतलं तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि खरी गरज पडते तेव्हा अडचण होते. दुखण्यावर दुखण्याचीच गोळी.

दोनदा बोलावण्याचं म्हणाल, तर दाढेत साधारण तीन-चार नळ्या असतात. वरच्या पहिल्या दाढेतली चौथी इतकी बारीक की शोधण्यातच वेळ जातो. प्रत्येकीची लांबी मोजायची, हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुवायची, कोरडी करायची, मग गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून बंद करायची. पाझर थांबला नाही तर आत औषध ठेवून पुन्हा बोलावते. ओली नळी भरून टाकणं मला जमणार नाही. दुसऱ्या खेपेचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

राग आमच्यावर ठेवा ताई, दाढेवर काढू नका. कॅप आमच्याकडेच बसवा असं मुळीच नाही. एक्स-रे आणि केलेल्या कामाचा कागद काउंटरवर तयार ठेवलाय; घेऊन जा, तुमचा विश्वास असेल त्या डॉक्टरांना दाखवा. खर्च जड जात असेल तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे विचारा. तोवर त्या बाजूने फुटाणे, सुपारी, कडक काहीच चावू नका. सूज वाढली, ताप आला किंवा तोंड उघडेनासं झालं, तर फोनची वाट न पाहता सरळ निघून या.