डी. फार्म. करा, निवांत राहा

बारावी सायन्सचा निकाल लागलाय. फिजिक्सने दगा दिलाय, नीटच्या गुणांविषयी घरात कोणी बोलत नाही, आणि मामा चहात बिस्कीट बुडवत म्हणतायत, "डी. फार्म. करून टाक. पुढे मेडिकल टाकता येतं." यातलं 'करून टाक' नीट ऐका. गाडीचं पीयूसी, रेशनकार्डाचं केवायसी माणसं ज्या सुरात करून टाकतात, त्याच सुरात ही औषधनिर्माणशास्त्राची दोन वर्षांची पदविका करून टाकायची असते. सूर लागला की अर्धा अभ्यासक्रम झालाच म्हणून समजा.

कॉलेज निवडताना प्रयोगशाळेची, शिक्षकांची चौकशी करत बसू नका. असं विचारणारा मुलगा संस्थेला संशयास्पद वाटतो. एकच विचारायचं, तेही खालच्या आवाजात: "हजेरीचं काय?" नियमात 75 टक्के हजेरी सांगितलीय, ती तुम्हाला मिळेल. नियम कागदावर असतो, हजेरीही कागदावरच असते, आणि कागदाकागदांचं आपसात जमतं. तालुक्याच्या रस्त्यावर शेताच्या कडेला एखादी इमारत दिसेल. कमानीवर 'फार्मसी' असं ताज्या रंगात लिहिलेलं असेल, आणि तिरक्या उन्हात त्याखालची 'डी. एड.' ही अक्षरं अजून वाचता येतील. प्रवेश घ्यायला उत्तम जागा. इमारतीला अनुभव आहे.

पहिला धडा इतिहासाचा. 1930 साली कर्नल चोप्रांच्या अध्यक्षतेखाली औषधांची चौकशी करणारी समिती, 1932 मध्ये बनारसला प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनी औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाची केलेली सुरुवात, 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1948 चा फार्मसी कायदा. सनावळी खुशाल घोका, गुण मिळतात. समिती नेमावी का लागली, तिकडे मात्र फिरकू नका. बाजारात भेसळीची आणि भलत्याच ताकदीची औषधं कोणीही, कशीही विकत होता म्हणून ती नेमली, हे एकदा डोक्यात शिरलं की माणूस अस्वस्थ होतो आणि जर्नल वेळेवर पूर्ण होत नाही. 1986 तर वगळाच. त्या वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण दगावले, कारण त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. आपल्याच राज्यातली गोष्ट आहे, त्यामुळे जरा जास्तच जवळ येते. टाळलेली बरी.

प्रॅक्टिकलचं सांगतो. एरंडेल तेलाचं इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, करायचं असतं. तेल चार भाग, पाणी दोन, डिंक एक. खलात तेल आणि डिंक घेतला, पाणी एकदम घातलं आणि एकाच दिशेने न थांबता घोटत राहिलं की मिश्रण पांढरं होतं आणि खलातून चट्‌चट् असा आवाज येऊ लागतो. तो आवाज आला म्हणजे जमलं. हात थांबला, पाणी कमी-जास्त पडलं, की इमल्शन फुटतं. तेल वर आणि तुमचं तोंड खाली. आमच्या वेळी माझं तीनदा फुटलं, चौथ्यांदा आवाज आला, आणि खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. ही भावना धोकादायक आहे. ती टाळण्यासाठी सिनियरकडून जर्नल आणा आणि निरीक्षणं उतरवून काढा. सोनामुखीच्या पानाचा आडवा छेद हिरव्या पेन्सिलीने रंगवला की एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, खूश होतात. सूक्ष्मदर्शकात डोकावायची गरज नाही. तसंही त्याचा दिवा बहुधा गेलेला असतो.

समुपदेशनाचं प्रॅक्टिकल तर निव्वळ करमणूक. एकाने रुग्ण व्हायचं, एकाने फार्मासिस्ट. "मावशी, थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्या. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, चार तासांनी घ्या, नाहीतर थायरॉइडची अंगाला लागायची नाही." वर्ग हसतो, कारण मावशी झालेल्या मित्राने ओढणी घेतलेली असते. हसून घ्या. हे वाक्य काउंटरवर कोणी म्हणताना तुम्ही ऐकलंय का? मग तुम्हीच कशाला सुरुवात करताय?

दोन वर्षं झाली की 500 तासांचं प्रशिक्षण. किमान तीन महिने रुग्णालयात किंवा औषधांच्या दुकानात प्रत्यक्ष काम करायचं, असं नियम म्हणतो. तुमच्या ओळखीत एक मेडिकल असेल, त्या मेडिकलमध्ये एक शिक्का असेल. 500 तास म्हणजे त्या शिक्क्याला शाई लागायला लागतो तेवढा वेळ. पदविकेनंतर एक्झिट परीक्षा घेण्याचे नियम 2022 मध्ये आले, तेव्हा काही मंडळींना घाम फुटला. पदविका मिळालेल्या माणसाला पदविकेतलं काही येतं का, हे विचारणं म्हणजे अविश्वासच की हो!

एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगत चला. अमेरिकेत, कॅनडात फार्मसी टेक्निशियन म्हणून कोर्स करणारा पोरगा फार्मासिस्टच्या हाताखाली गोळ्या मोजतो. आपल्याकडे डी. फार्म. होऊन राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंद झाली की तुम्ही स्वतः रजिस्टर्ड फार्मासिस्ट. तुमच्यावर कोणी नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाचं तोंड यांच्यामध्ये शेवटचा माणूस तुम्ही. आता या मोक्याच्या जागेवरून लवकरात लवकर बाजूला कसं व्हायचं, ते बघू.

बाजूला का व्हायचं, असं विचाराल तर इंग्लंडमधला 1980 च्या दशकातला एक खटला ऐका. डॉक्टरांनी लिहिलं होतं अमॉक्सिल, म्हणजे प्रतिजैविक. अक्षर असं, की फार्मासिस्टने वाचलं डाओनिल, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारी गोळी. मधुमेह नसलेल्या माणसाने ती घेतली आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. कोर्टाने दोषाची वाटणी केली: 25 टक्के डॉक्टरांकडे, 75 टक्के फार्मासिस्टकडे. का, तर डोस जुळत नव्हता, आणि रुग्णाने औषधाचे पैसे मोजले होते. मधुमेही असता तर तिकडे औषध फुकट मिळालं असतं, एवढं तरी लक्षात यायला हवं होतं! बघा, पेन एकाचं, मान दुसऱ्याची. आपल्याकडे डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम 2016 मध्ये आला. तेव्हापासून चिठ्ठ्या किती वाचनीय झाल्यात, ते तुम्ही जाणताच.

शिवाय काउंटरवर उभं राहिलात तर कटकटी फार. शेड्यूल एच-1 मधली औषधं, म्हणजे वरच्या दर्जाची प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, झोपेच्या काही गोळ्या. ती विकली की डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग हे सगळं वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, म्हणजे फ्रिजमधल्या ताकाच्या पिशव्यांना दुसरी जागा बघायची. स्ट्रिप कापताना एक्स्पायरीची बाजू आपल्याकडे राहून तारीख नसलेला तुकडा गिऱ्हाईकाच्या हातात पडणार नाही, हेही बघायचं. आणि एवढं करून गिऱ्हाईक म्हणणार, "चिठ्ठी नाहीये, पण मागच्या वेळी ती गुलाबी गोळी दिली होती, त्याने पटकन बरं वाटलं." नाही म्हणालात तर तो समोरच्या मेडिकलमध्ये जातो, आणि संध्याकाळी मालक तुम्हाला धंदा म्हणजे काय ते समजावून सांगतो.

म्हणून शहाणी मुलं लायसन लावतात. म्हणजे असं की दुकान दुसऱ्याचं, पैसा दुसऱ्याचा, गोळ्या देणारा हात तिसऱ्याचा. तुमचं फक्त सर्टिफिकेट. ते फ्रेममध्ये घालून भिंतीला लावायचं आणि तुम्ही पुण्याला कंपनीत किंवा बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला निघून जायचं. कायद्याला हे मुळीच मंजूर नाही, रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या नजरेखालीच औषध द्यावं असं तो म्हणतो. पण वर्षाचे ठरलेले पैसे खात्यात येतात, दिवाळीला मिठाईचा पुडा येतो, आणि कधी अन्न व औषध प्रशासनाचे साहेब आले तर "आत्ताच जेवायला गेलेत" हे वाक्य त्या दुकानात सगळ्यांना पाठ असतं. तुम्ही पाच-पाच वर्षं जेवत असता. मामाही खूश. भाचा मार्गी लागला.

अशाच एका सुट्टीत तुम्ही गावी जाता. आईचा थायरॉइड निघालाय, हाडंही दुखतायत. तिच्यासोबत चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये उभे राहता. काउंटरवर दहावी नापास झालेला, पण हसतमुख पोरगा आहे, हात भराभर चालतायत. "फार्मासिस्ट कुठायत?" तुम्ही सहज विचारता. तो मान वर न करता भिंतीकडे हनुवटी दाखवतो. तिथे फ्रेममध्ये कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यातला, तुमच्याच वयाचा एक मुलगा टाय लावून बघत असतो. तोवर पोराने थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली आणि कॅल्शियमची स्ट्रिप एकाच पाकिटात घालून वर पेनने खूण केलेली असते.

"दोन्ही सकाळी एकदमच घ्या काकू," तो आईला सांगतो, "म्हणजे विसरायला होत नाही."