‘मरता मरता वाचला, आता सुधारेल’ म्हणणाऱ्यांना

जालना, परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. गोळ्यांच्या ओव्हरडोसमधून वाचलेलं पोरगं मरण पाहून आलेलं असतं, ते पुन्हा हात लावत नाही. दोन महिने घरात कोंडा, रक्त साफ होतं. नशा सोडवायला नशेचीच गोळी देणाऱ्या डॉक्टरपासून लांब राहा. आई-बाप यावर विसंबतात. मी वॉर्डात नर्स आहे, गप्प बसवत नाही.

ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीनचं पातळ औषध, हेरॉइन ही सगळी अफूच्या जातीची. यांच्या ओव्हरडोसमधून जो वाचला, त्यालाच पुढे मरणाचा धोका जास्त. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात तातडीच्या विभागातून बरे होऊन गेलेल्यांचा हिशोब ठेवला गेला: वर्षभरात शंभरातले पाचेक दगावले, त्यातले बरेच पहिल्याच महिन्यात.

कोंडण्याचा सल्ला तर जिवावर बेतणारा. दोन महिन्यांत अंगाची सवय मोडते, तलफ मोडत नाही. दार उघडलं की पोरगं जुन्याच हिशोबाने गोळ्या घेतं आणि पूर्वी पचायचं तेवढ्यानेच श्वास मंदावतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा जेलमधून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात वाईट. आमच्याकडे आणलेलं एक लेकरू केंद्रातून येऊन आठच दिवस झाले होते. आई म्हणाली, “ताई, लई घोरत होता, म्हटलं थकलाय, झोपू द्यावं.” ओठ जांभळे, नखं निळी. ते घोरणं नव्हतं, श्वास अडकत होता. त्यात दारू किंवा ‘बटन’ (नशेसाठी घेतात त्या झोपेच्या) गोळ्या पोटात असतील आणि पोरगं खोलीत एकटं असेल, तर वेळच मिळत नाही.

राहिली ‘नशेची गोळी’. म्हणजे मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन: ही पण अफूच्या जातीचीच, पण डॉक्टर तलफ आवरायला मोजून देतात. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये ओव्हरडोसमधून वाचलेल्यांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. मेथाडोन चालू असताना अफूवर्गीय औषधांनी मरण्याचा धोका ५९ टक्क्यांनी कमी दिसला, ब्युप्रेनॉर्फिनवर ३८ टक्क्यांनी. ब्युप्रेनॉर्फिन आपल्या सरकारी उपचारातही आहे. कुठे मिळेल ते १४४४६ वर विचारा, हा फोन फुकट आहे.

आणि नालॉक्सोनच्या (अफूच्या जातीच्या औषधांचा असर उतरवणाऱ्या) इंजेक्शनने डोळे उघडले म्हणून लगेच घरी न्यायची घाई करू नका. त्याचा असर तास-दीड तासात उतरतो, पोटातली गोळी त्याहून जास्त टिकते. हाक मारून, हलवून उठत नसेल तर १०८ ला फोन करा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, आणि येताना रिकामी पाकिटं लपवू नका, सोबत आणा.