दलाली शेवटी का पाहावी?

नमस्कार. ब्रोकर निवडताना दलाली शेवटी पाहा, असे मी माझ्या लेखात लिहिले होते. ‘हे मोठ्या रकमा फिरवणाऱ्यांनी सांगावे; महिन्याला चार शेअर घेणाऱ्याला ते परवडत नाही,’ हा आपला आक्षेप मला निम्मा मान्य आहे. प्रत्येक सौद्यामागे ठरावीक रक्कम कापली जात असेल, तर छोट्या खरेदीत ती फार भारी पडते. शेअर घेऊन वर्षानुवर्षे ठेवणाऱ्याने दलाली आणि खात्याचे वार्षिक शुल्क आधीच पाहावे, हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवे होते.

ऑप्शनच्या (ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा वा विकण्याचा हक्क देणाऱ्या कराराच्या) बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. समजा, एखाद्या ऑप्शनला खरेदीदार शेअरमागे २.०० देऊ करत आहेत, विक्रेते २.२० मागत आहेत आणि एक कॉन्ट्रॅक्ट १०० शेअरचा आहे. मार्केट ऑर्डरने, म्हणजे बाजारात मिळेल त्या भावाला, तो घेतला आणि भाव जागचा न हलता तसाच विकला, तर २० गेले. दोन्ही वेळची दलाली २ धरली, तरी ती या फटक्याचा दहावा हिस्सा होते. भावातले हे अंतर ब्रोकर ठरवत नाही, असे आपण म्हणाल आणि ते खरे आहे. पण ऑर्डर कुठे पाठवायची, हे बहुधा तोच ठरवतो. अमेरिकेत अनेक ब्रोकर ग्राहकांच्या ऑर्डर मार्केट मेकरकडे (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्या संस्थेकडे) वळवून त्याचा मोबदला घेतात, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये तिथल्या मोठ्या ब्रोकरांनी शेअरवरील दलाली पाठोपाठ शून्यावर आणली तेव्हाही ही पद्धत रूढच होती. युरोपीय संघाने २०२४मध्ये तिच्यावर बंदी घालणारा कायदा केला. (लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच होणारी ऑर्डर, वापरण्याचा माझा आग्रह याचसाठी आहे, मग ब्रोकर कोणताही असो.)

त्याहून महत्त्वाचे आहे ते विकलेल्या ऑप्शनचे. अमेरिकन पद्धतीचा ऑप्शन घेणाऱ्याला मुदतीपूर्वी कधीही वापरता येतो, आणि तो वापरला की विकणाऱ्याला ठरलेला सौदा पुरा करावा लागतो. लाभांशाची तारीख जवळ आली की विकलेल्या कॉलवर (शेअर घेण्याचा हक्क देणाऱ्या ऑप्शनवर) ही वेळ येऊ शकते. अशा वेळी खात्यात पुरेसे पैसे वा शेअर नसतील, तर काही ब्रोकर आधी कळवतात, काही न विचारता पोझिशन (चालू असलेला सौदा) मोडून टाकतात, तीही मिळेल त्या भावाला. दोन लेगचा (दोन ऑप्शन मिळून होणारा) सौदा एकाच ऑर्डरमध्ये टाकण्याची सोय नसेल, तर एक लेग भरून दुसरा लटकण्याचा धोका वेगळाच.

ऑर्डर कुठे पाठवता, पोझिशन मोडण्याआधी कळवता का, दोन लेग एकाच ऑर्डरमध्ये टाकता येतात का, हे प्रश्न आपल्या शून्य दलालीच्या ब्रोकरला लेखी विचारा. समाधानकारक उत्तर आले, तर येथे अवश्य कळवा; मूळ लेखात तशी दुरुस्ती करीन.